स्पर्शावर चालणारा स्टेज कंट्रोलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटांच्या स्पर्शाने एकाच वेळी आवाज आणि पडद्यावरची दृश्यं चालवणारा एक लाकडी डबा मी पुण्यात घरच्या टेबलावर बनवला. वर तांब्याचे बारा पॅड, आत दोन चिप, बाहेर एक यूएसबी वायर. ‘पेटी’ म्हणायची सोय नाही, लोकांना हार्मोनियम वाटते, म्हणून डबाच. त्याच्याबद्दल जे प्रश्न येत राहतात ते सोप्याकडून किचकटाकडे लावले आहेत. उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. आवाज त्या डब्यातूनच येतो का?

नाही. डब्यात आवाज नाही की चित्रही नाही. हार्मोनियममधून भाता आणि सूर काढून घेतले आणि नुसत्या पट्ट्या उरल्या, असं समजा. कुठल्या पॅडला किती स्पर्श झाला एवढंच तो लॅपटॉपला सांगतो. पुढे लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर काम करतात: आवाज प्युअर डेटा किंवा एबलटन काढतं, दृश्यं रेझोल्यूम किंवा टचडिझायनर. एकच बोट दोघांना हलवू शकतं, आणि सगळी गंमत तीच आहे.

२. टॅबलेटवर ॲप टाकून हेच होत नाही का?

होतं, आणि सुरुवात तिथूनच करा. फ्रान्समधल्या जॅझम्यूटंट कंपनीचा लेमर हा अनेक बोटं ओळखणारा पडदा स्टेजवर वापरला जात होता तेव्हा आयफोन यायचा होता. पुढे टॅबलेट स्वस्त झाले आणि २०१० मध्ये त्या कंपनीने लेमर थांबवला.

माझी टॅबलेटबद्दलची तक्रार एकच: काच सगळीकडे सारखीच लागते. बोट कुठे आहे हे पाहायला मान खाली घालावी लागते आणि अंधारात तुमच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. तबलजी शाई कुठे आहे हे बघून वाजवत नाही. पॅडला कड, खाच, खडबडीतपणा हवा असेल तर हातानेच बनवावं लागतं. कल्पना नवी नाही. डॉन बुक्ला यांनी १९६० च्या दशकातच आपल्या सिंथेसायझरला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांऐवजी स्पर्शाच्या धातूपट्ट्या दिल्या होत्या.

३. बोट लागलं हे तांब्याच्या तुकड्याला कळतं कसं?

बोट आणि तांबं मिळून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, बनतो. चिप त्या पॅडमध्ये ठरावीक भार भरते आणि व्होल्टेज किती चढलं ते पाहते. बोट आलं की धारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, वाढते आणि आकडा बदलतो.

हा बदल किती छोटा आहे ते पाहा. १५ मिलिमीटर चौरस पॅड, त्यावर २ मिलिमीटर ॲक्रिलिक, तर बोटामुळे वाढणारी धारिता जेमतेम ३ पिकोफॅरड (धारितेचं अगदी छोटं माप). आतल्या वायरी हलल्या तरी तेवढा फरक पडतो. म्हणून आत लोंबत्या वायरी नकोत, सगळ्या चिकटवून टाका.

बोट लागलं हे ओळखणं सोपं आहे. बोट लागलेलं *नाही* हे अर्धा-पाऊण तास, दिव्यांच्या उष्णतेत, घामट हवेत, न चुकता ओळखत राहणं अवघड. खालचे बहुतेक प्रश्न त्या दुसऱ्या भागाचेच आहेत.

४. कुठला बोर्ड घेऊ?

पहिल्याच खेपेला एमपीआर१२१ ही स्पर्श ओळखणारी चिप घ्या. तिला १२ पॅड जोडता येतात. पत्ता बदलून एकाच बसवर, म्हणजे सामायिक तारांवर, चार चिप बसतात, म्हणजे ४८ पॅड. मात्र ती ३.३ व्होल्टची आहे. ज्या बोर्डावर व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर नाही त्याला ५ व्होल्ट दिले तर ती गेलीच म्हणून समजा. माझी एक अशीच गेली.

तिच्यासोबत असा बोर्ड हवा जो यूएसबीवर स्वतःची मिडी उपकरण (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची ठरलेली पद्धत) म्हणून ओळख देईल: आर्डुइनो लिओनार्डो, प्रो मायक्रो, टीन्सी, रास्पबेरी पाय पिको. साधा आर्डुइनो ऊनो हे सरळ करत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत दुकानदार आधी ऊनोच पुढे करतो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

ईएसपी३२ या बोर्डमध्ये टचच्या पिना आतच असतात, मूळ चिपमध्ये १० आणि एस३ या नव्या चिपमध्ये १४. एक खोच आहे. मूळ चिपमध्ये स्पर्श झाला की आकडा *कमी* होतो, एस३ मध्ये *वाढतो*. जुना कोड नव्या बोर्डवर टाकून ‘सगळं उलटं चाललंय’ असं कळवणारे बरेच असतात. टीन्सी ३.२ मध्ये टचची सोय होती, ४.० आणि ४.१ मध्ये नाही.

५. पॅड केवढे, कशाचे, वर काय लावू?

तांब्याची चिकटपट्टी पुरते. १५ ते २० मिलिमीटरचे चौकोन, दोन पॅडमध्ये निदान ५ मिलिमीटर मोकळी जागा. वर ॲक्रिलिक, लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा कापड. जाडी दुप्पट केली की सिग्नल निम्मा होतो, म्हणून ३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. डब्याला धातूच्या चकचकीचा रंग मारू नका. त्यातल्या धातूच्या कणांमुळे शेजारचे पॅड एकमेकांशी बोलू लागतात.

कडा हाताला जाणवतील अशा ठेवा. मी प्रत्येक चौथ्या पॅडवर सुतळीचा तुकडा चिकटवला आहे. दिसायला गावठी, पण अंधारात बोट बरोबर जागी जातं.

६. जोर दिला तर जास्त, हलका हात तर कमी, असं करता येतं का?

नुसत्या तांब्यावर अर्धवट येतं. जोरात दाबलं की बोटाचं पेर पसरतं, क्षेत्र वाढतं, आकडा वाढतो. पण माझं पूर्ण दाबणं आणि एखाद्या लहान मुलीचं पूर्ण दाबणं यांचे आकडे फार वेगळे असतात, त्यामुळे वाजवणारा बदलला की पुन्हा मोजमाप.

खरा दाब हवा असेल तर पॅडखाली दाबावर रोध बदलणारा सेन्सर घाला, ज्याला सगळे एफएसआर म्हणतात. मोकळा असताना त्याचा रोध मेगाओहममध्ये असतो, दाबला की काही किलोओहमवर येतो. १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून व्होल्टेज वाचायचं. तांबं सांगतं *कधी*, एफएसआर सांगतो *किती*. ही जोडी मला डग्ग्यावरून सुचली. तिथे बोटं ठोका देतात आणि मनगटाचा दाब घुमारा वळवतो, एकाच हातात दोन कामं.

७. सुटे पॅड नको, सलग सरकणारी पट्टी हवी. किती पॅड लागतील?

पाच-सहा पुरतात. बोट एका वेळी दोन-तीन पॅडवर पडेल असे ते जवळ ठेवा, कडा सरळ न ठेवता करवतीच्या दातांसारख्या एकमेकांत घुसवा, आणि वजन लावून सरासरी काढा. समजा दुसऱ्या पॅडवर १०, तिसऱ्यावर ४०, चौथ्यावर ३० आले. प्रत्येक आकड्याला पॅडच्या क्रमांकाने गुणून बेरीज केली की २६०. तिला ८० ने भागलं की ३.२५. बोट तिसऱ्याच्या थोडं पुढे आहे. मींडेसारखं सरकणं यातून छान येतं. टोकांना मात्र आकडा आत ओढला जातो, कारण पलीकडे पॅडच नसतो. तिथला थोडा भाग सोडून द्या.

८. मिडी वापरू की ओएससी?

आवाजाला मिडी, चित्राला ओएससी, असं माझं उत्तर आहे आणि त्यावर वाद घालणारे मित्रही आहेत.

मिडी १९८३ चं आहे. साध्या कंट्रोल संदेशात ० ते १२७ एवढेच आकडे बसतात. आवाजाची पातळी हलवायला ते पुष्कळ. पण १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर एखादा आकार सरकवायचा असेल तर १२८ पायऱ्या म्हणजे प्रत्येक पायरीला १५ पिक्सेलची उडी. हळू सरकवताना ती स्पष्ट दिसते. ओएससी (नेटवर्कवरून संदेश पाठवायची मिडीनंतरची पद्धत) मध्ये दशांश अपूर्णांक पाठवता येतात, उडी जाते. मिडीतच राहायचं असेल तर सूर वळवणारा १४ बिटांचा पिच बेंड संदेश वापरा, त्यात १६,३८४ पायऱ्या आहेत.

जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीवर जाणार असाल तर संदेशांचा पूर सोडू नका. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तीन बाइटांचे जेमतेम हजारभर संदेश. बारा पॅड सेकंदाला २०० वेळा बोलू लागले तर २,४०० होतात आणि मागचे संदेश रांगेत तुंबतात. आकडा बदलला तरच पाठवा.

९. बोट लागल्यापासून आवाज येईपर्यंत किती उशीर चालतो? तो मोजायचा कसा?

संगीतासाठी १० मिलिसेकंद, आणि त्यातला चढउतार १ मिलिसेकंदाच्या आत. ही मर्यादा संगणक-संगीताचे संशोधक डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट यांनी मांडली आणि आजही तीच धरतात. यातली दुसरी अट लोक विसरतात. ठरावीक १२ मिलिसेकंद उशीर हाताला सवयीचा होतो. कधी ४ तर कधी १५ असा उशीर कधीच सवयीचा होत नाही.

उशीर कुठून येतो? पहिला संशयित टच चिप. एमपीआर१२१ चालू होताना ज्या सेटिंगवर असते त्यात दर १६ मिलिसेकंदांनी एक असे ४ नमुने घेऊन मग ती मत देते, म्हणजे ६४ मिलिसेकंद. मधला काळ १ मिलिसेकंद केला की ४ वर येतं. कोडच्या काही तयार लायब्ररी हे आपणहून करतात, काही करत नाहीत, उघडून बघा. सेटिंग लिहिताना चिप थांबवावी लागते, चालू चिपला लिहिलेलं ती गुपचूप टाकून देते. यूएसबी साधारण १ मिलिसेकंद घेते. मग ऑडिओ बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत जमवून सोडतो तो तुकडा: ४८,००० च्या दराने २५६ नमुने म्हणजे ५.३ मिलिसेकंद.

मोजण्याची सोपी रीत अशी. पॅडशेजारी पायझो चकती (ठोक्याचा विजेचा सिग्नल करणारी) चिकटवा, तिची वायर रेकॉर्डरच्या डाव्या बाजूला. लॅपटॉपचा आवाज उजव्या बाजूला. ‘टक्’ असा धारदार सुरू होणारा आवाज निवडा आणि पन्नास ठोके रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लाटा मोठ्या करून त्यांच्या सुरुवातींमधलं अंतर पाहा. ४८,००० च्या दराला ४८० नमुने म्हणजे १० मिलिसेकंद. सरासरीबरोबर सर्वांत वाईट ठोकाही लिहून ठेवा.

चित्रासाठी मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. बोट आणि पडदा एकाच चौकटीत. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. लॅपटॉपच्या पडद्यावर मोजून समाधान मानू नका, प्रोजेक्टर स्वतःचे काही फ्रेम खातो. चित्राला उशीर जास्त झाला तर उपाय थोडा विचित्र वाटेल: आवाजच जरा मागे ढकला. आधी वीज दिसते, मग गडगडाट, याची माणसाला सवय आहे. उलटं झालं की खटकतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही हाच कल आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर जाणवतो, मागे पडला तर १२५ पर्यंत जाणवत नाही. पण आवाज ढकलला की वाजवणाऱ्याच्या हाताला तो उशीर लागतो. म्हणून ढकलायचा तो फक्त प्रेक्षकांकडे जाणारा, वाजवणाऱ्याच्या मॉनिटर स्पीकरमधला नाही.

१०. घरी झकास चालतो, स्टेजवर पॅड बहिरे होतात किंवा आपोआप वाजतात. कोड चुकलाय का?

बहुधा नाही. अर्थिंग पाहा. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

एका छोट्या सभागृहात रंगीत तालीम उत्तम झाली होती. प्रयोगाला दहा मिनिटं असताना साउंडवाल्याला गुणगुण ऐकू आली. त्याने डीआय बॉक्सवरचं (वाद्याची वायर मिक्सरला जोडणारा डबा) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे जमिनीची जोडणी तोडणारं, बटण दाबलं. गुणगुण गेली. आणि माझे बारापैकी सात पॅड गेले. मी वेड्यासारखा कोडमधले आकडे खालीवर करत बसलो. त्याची चूक काहीच नव्हती, त्याने त्याचं काम केलं होतं.

झालं असं. बोटाची धारिता मोजायला वर्तुळ पूर्ण व्हावं लागतं: पॅड, बोट, शरीर, जमीन, आणि जमिनीतून परत सर्किटच्या ग्राउंडपर्यंत. लॅपटॉप बॅटरीवर होता. तालमीत त्याला जमीन मिळत होती ती फक्त ऑडिओ वायरीतून, मिक्सरमार्फत. बटण दाबलं, ती वाट तुटली. डबा हवेत लटकला.

दोन पिनांच्या चार्जरवर उलटा त्रास होतो. त्यातल्या कपॅसिटरमधून लॅपटॉपच्या अंगावर थोडी गळती येते. धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की झिणझिण्या येतात ना, तीच. डबा त्या ५० हर्ट्झवर डोलू लागतो आणि पॅड आपोआप वाजतात. फेज कापून मंद होणारे जुने डिमर आणि जनरेटर यात भर घालतात.

उपाय मी क्रमाने करतो. तीन पिनांचा, खऱ्या अर्थिंगचा चार्जर. तिसरी पिन कापून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जीव जाऊ शकतो. गुणगुणीसाठी ट्रान्सफॉर्मरचा डीआय आणि ग्राउंड लिफ्ट खुशाल वापरा, पण मग डब्याने त्या वायरीवर विसंबायचं नाही. त्यासाठी सर्वांत कामाची गोष्ट आली: तळहात टेकायच्या जागेखाली तांब्याचा मोठा पत्रा, सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला, वर पातळ थर. १०० चौरस सेंटिमीटर पत्रा आणि दशांश मिलिमीटरचा थर असेल तर शरीर आणि ग्राउंड यांच्यात अडीच हजार पिकोफॅरडच्या आसपास धारिता मिळते. पॅडच्या ३ समोर ही भरपूर आहे. वर्तुळ जमिनीतून न जाता हातातूनच पूर्ण होतं. पत्रा उघडा ठेवू नका, झिणझिण्या तिथूनच येतील.

उरलेली थरथर सरासरीने काढता येते. बरोबर २० मिलिसेकंदांची सरासरी ५० हर्ट्झची लाट पुसते, पण साधारण १० मिलिसेकंद उशीर वाढवते. म्हणून ती सरकपट्टीला लावा, ठोक्याच्या पॅडला नाही. कारण प्रश्न ९ मध्ये.

११. पावसाळ्यात किंवा घामाने शेजारचे पॅडही वाजतात. काय करू?

पाण्याची पातळ थरी दोन पॅड जोडते. पॅडच्या सभोवती ग्राउंडला जोडलेली बारीक तांब्याची रेघ फिरवा, आणि दोन शेजाऱ्यांपैकी ज्याचा आकडा मोठा त्यालाच मान द्या. कोकणात जुलैमध्ये प्रयोग असेल तर डबा एसीच्या गाडीतून थेट मंडपात नेऊ नका, दव धरतं. अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवून मग चालू करा. काहींनी मेणाचं पॉलिश सुचवलं. पाणी थेंब होऊन वेगळं राहतं, म्हणून थोडा फायदा आहे.

१२. दिवे लावल्यापासून पॅड आपोआप वाजतात.

दिव्यांची डेटा वायर पॅडच्या वायरीशेजारून जात असणार. वेगळी करा, आणि कोडमध्ये दिवे बदलायची व टच वाचायची वेळ वेगळी ठेवा. दुसरं कारण वीज. पत्त्यावर चालणारा एक रंगीत एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिॲम्पिअरपर्यंत घेतो. असे १६ म्हणजे ९६० आणि साधी यूएसबी देते ५००. व्होल्टेज खचलं की टचचे आकडेही खचतात. तसाही अंधारात एक-पंचमांश उजेड पुरतो.

१३. चाचणी नक्की कशी घेता?

तीन टप्प्यांत, आणि कागदावर लिहून.

पहिला टप्पा हात न लावता. डबा चालू करून अर्धा तास सोडून द्यायचा आणि त्यात किती खोटे स्पर्श नोंदले गेले ते मोजायचं. आकडा शून्यच हवा, एकही नाही.

दुसरा ठोक्यांचा. १२० च्या लयीत मेट्रोनोम लावून १०० सेकंद, म्हणजे २०० ठोके. चुकलेले किती, दुहेरी मोजलेले किती. दुहेरी येत असतील तर स्पर्श मानायची आणि सोडल्याचं मानायची पातळी वेगळी ठेवा. अनेकांच्या कोडमध्ये १२ आणि ६ असते, तिथून सुरुवात करा. हे सगळं तीन परिस्थितींत: बॅटरीवर, चार्जरवर, ऑडिओ वायर जोडून. प्रश्न १० वाचला असेल तर कारण सांगायला नको.

तिसरा टप्पा दुसऱ्याचे हात. एका तबलजींना डबा दिला. त्यांनी सवयीने हाताला पावडर लावली, डब्यावरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, “अहो, पण मी मनगट कुठे टेकवू?” मी सहा महिने बोटांच्या टोकांनी वाजवत होतो, मनगट हवेत ठेवून. त्यांनी टेकवलं ते थेट खालच्या ओळीच्या चार पॅडवर. तळहाताचा पत्रा आज जिथे आहे तिथे तो त्या प्रश्नामुळे आला. अर्थिंगचा फायदा नंतर कळला.

१४. लांब नखं किंवा अंगठी असेल तर?

नखाने स्पर्श नोंदला जात नाही, बोटाचं पेर टेकायला हवं. अंगठी उलट जास्त नोंदवते आणि ॲक्रिलिकवर ओरखडे काढते. काढून खिशात ठेवा.

१५. एक सूर धरून ठेवायला बोट मिनिटभर ठेवलं तर तो आपोआप सुटतो. का?

चिप सतत ‘रिकामं असताना किती’ हा पायाचा आकडा सुधारत असते, नाहीतर दिव्यांच्या उष्णतेने तो भरकटेल. बोट फार वेळ राहिलं की काही चिप आणि तयार टच स्विच त्यालाच नवा पाया मानतात. स्पर्श चालू असताना पाया गोठवा. मग उलटी अडचण येते: चालू करताना पॅडवर हात असेल तर चुकीचा पाया कायमचा बसतो. यासाठी नव्याने मोजायचं एक साधं, खरं, दाबायचं बटण मागच्या बाजूला ठेवा. ते टच बटण नको.

१६. वायरलेस का नाही करत?

करून पाहिलं, सोडून दिलं. ब्लूटूथमध्ये दोन संदेशांतलं अंतर बहुतेक उपकरणांत कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असतं आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त. प्रश्न ९ मधला सगळा हिशोब तिथेच संपतो. वायफायचं २.४ गिगाहर्ट्झ तालमीत छान चालतं, प्रेक्षक मोबाइल घेऊन आत आले की अडखळतं. संथ दृश्यांसाठी चालेल. ठोक्यासाठी वायरच, आणि ती पाच मीटरच्या आत.

१७. प्रयोग चालू असताना अडकला तर?

सर्वांत वाईट म्हणजे सूर अडकून वाजत राहणं. सोडल्याचा संदेश वाटेत हरवला की असं होतं. कंट्रोल क्रमांक १२३ म्हणजे सगळे सूर सोडा, १२० म्हणजे सगळा आवाज बंद. मागच्या बटणावर दोन्ही बसवा. बोर्डमधला वॉचडॉग चालू ठेवा, कोड अडकला तर तो स्वतःच पुन्हा सुरू होतो. त्या दोन सेकंदांत हात पॅडवरून उचलायचे, प्रश्न १५ आठवून.

आणि यूएसबीचं सॉकेट. बोर्डावरचं नाजूक सॉकेट थेट बाहेर काढू नका, वायरीवर पाय पडला की ते बोर्डापासून उखडतं. डब्याच्या आत वायरीला एक गाठ मारा. माझ्या डब्यात ती गाठ चपलेच्या जुन्या बंदाने आवळलेली आहे आणि अजून सुटलेली नाही.